प्रार्थना चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा
आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक (सदर, नागपूर)

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतात, "माझा विश्वास कमी पडला का हो?" झोप उडालेली असते, घास घशाखाली उतरत नसतो, रविवारी उपासनेला जायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं आणि त्यात हे आणखी एक ओझं. कुणीतरी सांगितलेलं असतं, "प्रार्थना वाढवा, उपास धरा." सांगणाऱ्याचं मन वाईट नसतं. पण न्यूमोनिया झालेल्याला आपण नुसता उपास धरायला सांगत नाही ना?

एलिया संदेष्टा आठवा, बायबलमधल्या पहिल्या राजे पुस्तकाचा 19 वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला माणूस लगेच पुढच्याच अध्यायात रानातल्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला तिथे उपदेश करत नाही. दूत येतो, हलवून उठवतो, भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला लावतो. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. आमच्या कामाचा क्रमही साधारण असाच आहे: आधी झोप आणि जेवण, मग बाकीचं.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही फार खोल शिरत नाही. कधीपासून असं होतंय, रात्री कितीला जाग येते, वजन उतरलं का, कामावर जाणं जमतंय का, एवढंच विचारतो. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा म्हणतो. थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यायलाही सांगतो, कारण थायरॉइड मंदावलं की माणूस अगदी असाच मलूल होतो. आम्ही समुपदेशक आहोत, औषध लिहून देणं आमचं काम नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचं. खासगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या जागेला आपल्याकडे अजून काही लोक 'पागलखाना' म्हणतात, म्हणून पाय अडखळतो, हे आम्हाला कळतं. तरी जा.

गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जास्त घोळ इथेच होतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि बरं वाटू लागल्यावर तर मुळीच सोडू नका. मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची, "प्रभूने मला बरं केलं," आणि त्याच संध्याकाळी पट्टी कचऱ्यात टाकायची, असं करणारे असतात. साक्ष जरूर द्या, ती खरीच आहे. पण गोळ्या एकदम तोडल्या तर गरगरतं, झोप बिघडते, आजारही उलटतो. कमी करायच्या त्या डॉक्टरच हळूहळू कमी करतील. बायबलमधल्या पौल प्रेषिताच्या सोबत्यांत लूक होता आणि लूक वैद्य होता. औषध घेतलं म्हणजे देवावरचा भरवसा उठला, असं पौलाला तरी वाटलेलं दिसत नाही.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात जपावं. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, उपास नेमके ऊन तापायला लागतं तेव्हाच येतात. पाण्याशिवाय उपास धरू नका. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल डगमगली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उपासाबद्दल पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोलायला संकोच वाटत असेल तर आम्ही बोलू. आजाऱ्याला उपासातून सूट असते, हे ते स्वतःच सांगतील.

काहींचा त्रास वेगळाच असतो. मनात नको ते विचार येतात, देवाविरुद्धचे शब्द येतात, मग तीच प्रार्थना पुन्हापुन्हा, शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून. फादरांपुढे पापांची कबुली देऊन बाहेर पडलं की एखादं पाप सांगायचं राहिलं असं वाटून परत आत. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथरही तरुणपणी मठात तासन्‌तास कबुली देत असे, तेव्हा तुम्ही काही एकटे नाही. हा पुष्कळदा ओसीडी (नको ते विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. इथे आम्ही तुमच्या संमतीने पाळकांनाही सामील करून घेतो, कारण "एकदा कबुली दिलीत, पुरे झालं, आता पुन्हा तेच विचारलंत तर उत्तर देणार नाही" हे त्यांनी म्हणणं उपचाराचाच भाग असतो.

भूतबाधेची शंका घेऊन घरचे येतात. प्रार्थना करा, कुणाची ना नाही. पण बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता गुपिताचं. आपल्या शहरात ख्रिस्ती माणसं मोजकी, संडे स्कूलपासून एकमेकांना ओळखणारी. त्यात घरात लग्नाची मुलगी असली की धास्ती जास्तच. तुम्ही इथे येता हे आम्ही पाळकांना, सासरच्यांना, कामाच्या ठिकाणी, कुणालाही तुमच्या लेखी परवानगीशिवाय सांगत नाही. अपवाद एकच: तुमचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल तर घरच्या एका माणसाला कळवावं लागतं. तेही तुम्हाला सांगूनच.

ख्रिस्ती नसलेलेही येतात. बायबल तुम्ही म्हणाल तरच उघडतो. धर्म बदलायला लावतील का, हा प्रश्न मनात असेल तर सरळ विचारा, उत्तर 'नाही' असंच आहे.

मरावंसं वाटत असेल तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. "पोलीस केस होईल" या भीतीने दवाखाना टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच 2017 चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायला सांगतो.

भेट 50 मिनिटांची, आठवड्यातून एकदा. फी आधी फोनवरच सांगतो. चार भेटींनंतर काही फरक पडतोय का ते दोघं मिळून बघू. पडत नसेल तर दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. मे महिन्यात दुपारच्या वेळा देत नाही, सकाळी लवकर किंवा सहानंतर या. येताना चालू गोळ्यांची पट्टी आणि जुने रिपोर्ट आणा. सापडले नाहीत तर तसेच या.