कर्जाची वही कुणाच्या ताब्यात? सावकारापासून सिबिलपर्यंत

सोलापुरात आज कुणी हप्त्यावर गाडी घ्यायला गेलं की किमतीच्या आधी प्रश्न येतो, "सिबिल कसंय?" म्हणजे आजवरची कर्जं वेळेवर फेडलीत का, याचे गुण किती? विचारणारा नवा, पण दुखणं जुनं. आपल्या देण्याची नोंद दुसऱ्याच्या वहीत असते आणि तिच्यात काय लिहिलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव उतरला होता, शेतसारा वाढला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. जमावाला हवे होते कर्जरोखे, म्हणजे सावकाराला लिहून दिलेले कर्जाचे कागद. हाती लागले तिथे ते जाळले गेले.

राग कागदावर का, हे हिशेब मांडला की कळतं. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर तीन वर्षांत दावा लावावा लागे. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, भल्याचा. सावकाराने मात्र दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, व्याज मुद्दलात घालून. समजा, 100 रुपये दरसाल शेकडा 24 ने घेतले. तीन वर्षांनी नवा रोखा 172 चा, सहाव्या वर्षी देणं जवळपास 296. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम होता. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर नियम काय करणार? अंगठा उठवणाऱ्याला यातलं काही वाचताही येत नव्हतं. आजही आपल्याकडे कर्ज 'नवं-जुनं' करतात, तेव्हा हाच हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दंगे मुख्यतः पुणे आणि नगर जिल्ह्यांत झाले, पण 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, नगर, साताऱ्याबरोबर सोलापूरलाही लागू झाला. न्यायालयाला रोख्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासता येऊ लागला. देण्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. माझ्या मते यातलं सर्वांत दूरदर्शी कलम वेगळंच आहे. भरलेल्या पैशांची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत होऊ लागलं, म्हणजे कागदावर कर्जच दिसेना.

हा कायदा शेतकऱ्यांचा. सोलापुरात तर 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि निव्वळ पगारावर जगणारा वर्ग वाढू लागला. तो या छत्राबाहेर राहिला. पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आणि विडी राहिली. विडी वळणाऱ्या बाईकडे पगाराची स्लिप कुठली? तिच्यासारख्या घरांपर्यंत पुढे मायक्रोफायनान्सचा, म्हणजे एकमेकींच्या हमीवर छोटं कर्ज घेणाऱ्या बायकांचा गट पोचला. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. 2022 पासून रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत.

सिबिल ही कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी 2000 साली स्थापन झाली, 2005 मध्ये अशा कंपन्यांसाठी कायदा आला. आज चार कंपन्या ही नोंद ठेवतात, एकटं सिबिल नव्हे. गुण 300 ते 900. अहवाल उघडला तर प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन दिसतात. वेळेवर भरलं तर 000, नाहीतर जितके दिवस उशीर तितका आकडा. दुसऱ्याला जामीन राहिलात तर त्याचं कर्जही तुमच्या अहवालात दिसू शकतं. आणि फोनवरचा वसुलीवाला "थोडे भरा, मिटवून टाकू" म्हणतो तेव्हा खातं 'क्लोज्ड' होत नाही, 'सेटल्ड' होतं, म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं. पुढचं कर्ज मागताना हा शेरा आडवा येतो. म्हणून पूर्ण भरून बेबाकी दाखला घेतलेला बरा. जमतच नसेल तर तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

2017 पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे.