अमली पदार्थ खटल्यांतील सहकार्य आणि शिक्षा (गोवा)

अमली पदार्थांचा पुरवठा केल्याच्या आरोपात सापडलेल्या व्यक्तीने साथीदारांची नावे, मालाचा उगम किंवा पैशांची वाट तपासयंत्रणेला सांगितल्यास तिला कायद्याने मिळणारी सवलत. गोव्यात या विषयाचा संबंध मुख्यतः बार्देश आणि पेडणे तालुक्यांच्या किनारपट्टीशी येतो. तेथील गुन्ह्यांना इतर राज्यांप्रमाणेच गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) लागू आहे.

उगम : साथीदाराला माफी देऊन साक्षीला उभे करण्याची प्रथा इंग्रजी फौजदारी व्यवहारातून भारतात आली. साधारणतः १८३० नंतरच्या दशकात, ब्रिटिश अधिकारी स्लीमनच्या ठगविरोधी मोहिमेत, ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. गोव्याचा वारसा वेगळा होता. पोर्तुगीज अमदानीत येथे लागू असलेल्या १८८६ च्या दंडसंहितेत गुन्ह्याची उत्स्फूर्त कबुली हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण मानले होते. म्हणजे सवलत शिक्षेच्या मोजमापात होती, खटल्यातून सुटकेत नव्हती. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय फौजदारी कायदे लागू झाले आणि ही परंपरा खंडित झाली. आजच्या गोमंतकीय न्यायव्यवहारात तिचा अंश शोधण्यापेक्षा हा व्यवहार पूर्णतः भारतीय कायद्याचा भाग मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कायदेशीर तरतुदी : एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ नुसार केंद्र किंवा राज्य सरकार कारणे लेखी नोंदवून, संपूर्ण व खरी माहिती देण्याच्या अटीवर, आरोपीला खटल्यापासून मुक्तता देऊ शकते. अट मोडल्यास मुक्तता जाते. दुसरी वाट न्यायालयाची आहे : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ व ३४४ खाली (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता, कलमे ३०६ व ३०७) माफीचा साक्षीदार करता येतो. कलम ६४ अ हे व्यसनमुक्तीचे उपचार स्वेच्छेने घेणाऱ्या व्यसनाधीनांपुरते आहे, पुरवठादारांना ते उपयोगी नाही.

या दोन्ही वाटांनी आरोपी खटल्यातूनच बाजूला होतो. खटला चालून दोषी ठरलेल्याला सहकार्याबद्दल किती सूट द्यावी, याचे मोजमाप मात्र कायद्यात नाही. व्यापारी प्रमाणातील, म्हणजे ठरवलेल्या सीमेहून अधिक मालासाठी (उदा. एमडीएमए हा कृत्रिम अमली पदार्थ १० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, चरस १ किलो) किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे आणि न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही. २००१ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३२ ब किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना कोणत्या बाबी पाहाव्यात ते सांगते; कमी शिक्षेबद्दल ते मौन आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सरकारी पक्षाच्या अर्जावर किमान मर्यादेखालची शिक्षा देता येते, इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने लेखी कराराची पद्धत घातली. तशी सोय येथे नाही. लघु आणि व्यापारी प्रमाणांच्या मधल्या गटात कमाल १० वर्षे असून किमान मर्यादा नाही, त्यामुळे सहकार्याचा विचार व्हायला जागा उरते ती प्रामुख्याने तेथेच. गुन्हाकबुली-तडजोडीचा मार्ग सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांनाच खुला असल्याने हा मधला गट त्यातून वगळला जातो.

जबानीचा वाद : एनडीपीएस कायद्याच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेली जबानी कबुली म्हणून ग्राह्य धरावी का, यावर दीर्घ मतभेद होता. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही; राजकुमार करवाल (१९९०) आणि कन्हैयालाल (२००८) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार महसूल गुप्तचर किंवा नार्कोटिक्स ब्यूरोसारख्या यंत्रणांचे अधिकारी ‘पोलीस’ नव्हते, म्हणून जबानी ग्राह्य ठरे. तोफान सिंग प्रकरणात (२९ ऑक्टोबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने हे उलटवले. अल्पमतातील न्यायमूर्तींचा तर्क दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता, पण बहुमताची बाजू अधिक पटण्याजोगी आहे, कारण जुन्या स्थितीत विचित्र विषमता होती. हणजूणला गोवा पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी विभागाने पकडलेल्याची कबुली निरुपयोगी ठरे, तर शेजारच्याच गल्लीत केंद्रीय ब्यूरोने पकडलेल्याची कबुली त्याच्यावरच उलटू शके. आज दोन्हींचे मोल सारखे आहे. साथीदाराने घेतलेले नाव तपासाला दिशा देते, पण तेवढ्यावर दोषसिद्धी टिकत नाही. माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीलाही पुष्टी शोधण्याचा न्यायालयांचा प्रघात आहे.

लपवलेला माल दाखवून देणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्या माहितीतून वस्तू सापडली तर तेवढे विधान पुराव्यात येते. खिशात ६ ग्रॅम एमडीएमए बाळगणाऱ्याने भाड्याच्या खोलीतील आणखी ५ ग्रॅम दाखवले आणि दोन्ही साठे एकाच ताब्यातील मानले गेले, तर तो १० ग्रॅमची सीमा ओलांडतो : मधल्या गटातून थेट किमान १० वर्षांच्या गटात, शिवाय कलम ३७ ची जामिनाची कडक अटही लागते. सहकार्य करणाऱ्याला शिक्षा वाढवून मिळण्याची ही शक्यता वकिलांना ठाऊक असते, आरोपीला बहुधा नसते.

गोव्यातील व्यवहार : कलम ६८ मुळे खबऱ्याचे नाव उघड करण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. हे संरक्षण यंत्रणेवरील विश्वासावर उभे आहे. २०१० मध्ये अमली पदार्थ विरोधी विभागातीलच काही पोलिसांना तस्करांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झाली व पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या काळात माहिती कोणाकडे द्यावी हाच प्रश्न होता. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. जामिनावर नसलेल्या माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत कोठडीत ठेवावे लागते. गोव्यात ती कोठडी म्हणजे सामान्यतः कोलवाळचे मध्यवर्ती कारागृह, आणि ज्यांच्याविरुद्ध तो साक्ष देणार ते कच्चे कैदीही सहसा तेथेच असतात.