‘इनोसंट’च्या मागचं सांसों घराणं आणि एका शब्दाची भानगड

‘इनोसंट’ हा मंगा (जपानी चित्रकथा) सुरू होतो तो पॅरिसच्या जल्लादांच्या, म्हणजे सांसों घराण्याच्या चौथ्या पिढीपासून. त्यामुळे वाटतं, की पॅरिसच्या जल्लादाची गादीही राजाच्या गादीसारखी कायद्यानंच बापाकडून मुलाकडे जायची. तसा कायदा नव्हता. दर पिढीला राजाकडून नेमणुकीचं पत्र घ्यावं लागे. घराण्यातल्या पहिल्याला ते १६८८ मध्ये मिळालं. हा मुळात शिपाईगडी. फ्रान्समधल्याच रूआँ शहराच्या जल्लादाची मुलगी केली आणि सासऱ्याच्या धंद्यात ओढला गेला. पुढच्यांना बाहेर ना काम मिळे ना मुलगी, मग गावोगावच्या जल्लादांच्या घरांत आपापसातच सोयरिकी होऊ लागल्या. जन्मानं चिकटलेलं काम म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्याचे वडील गेले तेव्हा तो ७ वर्षांचा होता. पद त्याच्या नावावर राहिलं आणि तो वयात येईपर्यंत बदली माणसानं काम ओढलं.

या घराण्याबद्दल मराठीत लिहिताना ‘फाशी’ हा शब्द पदोपदी आडवा येतो. आपण कुठल्याही देहदंडाला फाशी म्हणून मोकळे होतो. तिथे मात्र दोर सामान्यांसाठी आणि तलवार सरदारांसाठी, अशी मरणातही पंगत वेगळी होती. राजावर चाकू चालवणाऱ्याला १७५७ मध्ये चार घोड्यांना बांधून फाडलं, तेव्हा चौथा सांसों १८ वर्षांचा होता आणि रँसचा जल्लाद असलेल्या काकाच्या हाताखाली उभा होता. १७६६ मध्ये भारतातला फ्रेंच सेनापती लाली याचा शिरच्छेद झाला, त्यात पहिल्या घावाला मान तुटली नाही. पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेल्याचं खापर ज्याच्यावर फुटलं, तोच हा लाली. १७५८ मध्ये पैशांसाठी त्यानं तंजावरच्या मराठी राज्याला वेढा घातला होता आणि हात हलवत परतला होता.

खरी भानगड आहे ती पदनामाची. अधिकृत नाव लांबलचक: ‘उच्च कामांचा अंमलदार’. लोकांच्या तोंडी मात्र ‘बूर्रो’, म्हणजे नुसता जल्लाद नव्हे, शिवीसुद्धा. १७८७ च्या जानेवारीत राजाच्या मंडळानं हा शब्द वापरायलाच बंदी घातली. लोकांनी अर्थातच तो सोडला नाही. मग क्रांती आली, माणसाचे हक्क जाहीर झाले आणि १७८९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेपुढे प्रश्न आला: जल्लाद नागरिक आहे की नाही? नट, प्रोटेस्टंट आणि ज्यू यांचा प्रश्नही त्याच चर्चेत होता. एका उमरावानं सांगितलं, की शिक्षा कायद्यानं फर्मावलेली असेल तर ती अमलात आणणाऱ्याला हीन ठरवता येणार नाही. एक धर्मगुरू म्हणाला, थंड डोक्यानं माणूस मारणाऱ्याला पाहून शहारा येणं हा पूर्वग्रहच नाही. मला विचाराल तर उमरावाचा मुद्दा बिनतोड होता; पण सभागृहातल्या पुष्कळांच्या मनातलं धर्मगुरूच बोलला असावा.

२४ डिसेंबरचा ठराव वाचण्यासारखा आहे. प्रोटेस्टंटांना मान्यता दिली, ज्यूंचा प्रश्न पुढे ढकलला आणि बाकीच्यांसाठी एवढंच म्हटलं, की घटनात्मक ठरावांत नसलेलं कारण दाखवून कोणाही नागरिकाला अपात्र ठरवता येणार नाही. ‘जल्लाद’ शब्द कुठेही नाही. हक्क दिला, पण नाव न घेता. महिन्याभरातच चौथ्या सांसोंनं काही पत्रकारांना कोर्टात खेचलं. आपल्या घरात राजनिष्ठांचा छापखाना चालतो असं त्यांनी छापल्याची तक्रार होती. निकाल त्याच्या बाजूनं लागला. त्या पत्रकारांतले निदान दोघे पुढे गिलोटिनखाली गेले.

गिलोटिनची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी सांगितलं जातं ते चौथ्या सांसोंचं १७९२ चं टिपण. सगळ्यांचाच शिरच्छेद करायचा असं ठरल्यावर यानं सरकारला धंद्यातली अडचण कळवली: एका वारानंतर तलवारीला धार राहत नाही, पॅरिसकडे तलवारी दोनच, एकेकीची किंमत ६०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), आणि समोरचा माणूस डगमगला तर अनर्थ. यंत्र बांधलं एका जर्मन कारागिरानं, जो एरवी वाद्यं बनवायचा. २५ एप्रिल १७९२ ला ते पहिल्यांदा एका दरोडेखोरावर चाललं. त्याच ऑगस्टमध्ये सांसोंचा धाकटा मुलगा, कापलेलं डोकं गर्दीला दाखवताना वधमंचावरून खाली पडून मेला. जानेवारी १७९३ मध्ये राजाची पाळी आली.

या घराण्याच्या नावावर खपलेल्या आठवणींबाबत मात्र जपून. १८३० च्या आठवणी पगारी लेखकांनी रचल्या होत्या, १८६० च्या दशकातल्याही भरवशाच्या नाहीत. चौथ्याचे रात्रीचे पश्चात्ताप बहुतेक तिथूनच उतरलेत. मंगाकारानं ते घेतले तर बिघडलं नाही. इतिहास म्हणून आपण पुढे पाठवतो तेव्हा बिघडतं.

सहावा सांसों कर्जात बुडाला आणि त्यानं गिलोटिनच गहाण टाकलं. शिक्षेचा हुकूम आला तेव्हा सरकारला आधी सावकाराचे पैसे चुकते करून ते सोडवावं लागलं. १८४७ मध्ये त्याला बडतर्फीचं पत्र मिळालं.