उंबरा आणि पंगत : गावच्या हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीची पार्श्वभूमी

पाडवा जवळ आला की पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग, पारनेर-संगमनेरचे पठार आणि पुढे बीडपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यातील गावांत देवळासमोर बैठका बसू लागतात. विषय ठरलेला असतो : यंदाचा सप्ताह. कीर्तनकार कोण, काल्याला म्हणजे शेवटच्या दिवशीच्या कीर्तनाला कोणाला बोलवायचे, मंडप कोणाचा, हे प्रश्न तासाभरात मिटतात. वर्गणी उंबऱ्यामागे किती घ्यायची आणि मुळात उंबरा म्हणून काय धरायचे, या प्रश्नावर मात्र रात्रीचे अकरा वाजले तरी माणसे उठत नाहीत. सप्ताहाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा भक्तीच्या अंगाने लिहिले जाते, आणि त्यामुळे गावाला वर्षातून एकदा आपली घरे नव्याने मोजायला लावणारा हा हिशेब बाजूला राहतो. प्रस्तुत टिपण त्या हिशेबापुरते आहे.

सात दिवसांचा साचा भागवतातून आला. परीक्षितीचे आयुष्य सातच दिवस उरले होते म्हणून शुकाने कथा सात दिवसांत संपवली, आणि त्याच मापात पुढे ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या बसवल्या गेल्या. ग्रंथ नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सिद्ध झाला हे खरे. परंतु पन्नास-शंभर माणसांनी आपापली प्रत समोर ठेवून एका सुरात पारायण करायचे, ही गोष्ट छापखान्यांपूर्वीच्या गावात घडणे कठीण होते, कारण हस्तलिखित पोथी असलीच तर गावात एखाद्या घरी असे. तुकारामांची गाथा सरकारी साहाय्याने 1869 मध्ये मुंबईत छापली गेली, त्यानंतरच्या काळात स्वस्त प्रती यात्रांतून विकल्या जाऊ लागल्या आणि पारायणाला बसणाऱ्यांची रांग वाढली. गोदावरीतील सरला बेटाचा सप्ताह पावणेदोनशे वर्षांची परंपरा सांगतो आणि दरवर्षी वेगळ्या गावाला होतो. पण तो परिसराचा मेळा आहे, गावाचा घरगुती सप्ताह नव्हे. घरगुती सप्ताहाला बळ मिळाले ते 1917 मध्ये आळंदीत कीर्तनकार घडवणारी शिक्षणसंस्था उभी राहिल्यावर. तिच्यातून शिकून बाहेर पडलेली मुले बहुधा शेतकऱ्यांची होती, गावोगाव फिरत होती, आणि जिथे जातील तिथे नेम लावून देत होती.

त्या पहिल्या काळातील सप्ताहाला पैसा फारसा लागत नसे. बाहेरून आलेल्या कीर्तनकाराला नारळ, उपरणे आणि जाण्यायेण्याचा खर्च दिला की भागे. उजेडाला कंदील आणि पुढे गॅसबत्ती, बसायला घोंगड्या, मंडपाला लिंबाचे डहाळे. लागत असे ती माणसांची पाळी. वीणा सात दिवस आणि सात रात्री खाली टेकता कामा नये, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे लावले जात आणि त्यांची यादी देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिली जाई. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार हे पहारे तरण्या पोरांच्या माथी मारले जात, आणि एखादा पहाऱ्याला उठला नाही तर आधीचा माणूस वीणा गळ्यात तशीच ठेवून त्याच्या दारात जाऊन उभा राही. खरे तर गावातील शेताची कामे ज्या सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांकडे राबून, होत, तीच सावड इथे देवळात आली होती.

जेवणाचेही तसेच होते. आमटी देवळाजवळ चुलवणावर शिजे. भाकरी मात्र घरोघरी भाजल्या जात. सांगणारा गल्लीतून ओरडत जाई, घरटी पाच भाकरी, आणि संध्याकाळी पोरे टोपल्या घेऊन दारोदार फिरत. त्या टोपलीत अख्खे गाव दिसे. कुठली भाकरी तळहाताएवढी जाड, कुठली पापडासारखी पातळ. बागायतदाराच्या घरची शुभ्र ज्वारीची, माळावरच्या घरची काळपट बाजरीची. वाढणारा न बघता हाताला येईल ती भाकरी पानावर टाकी, आणि कोणाच्या पानात कोणाची भाकरी पडली हे कोणालाच कळत नसे. याच गोष्टीचा पुढे फार गौरव झाला. गौरव करणारे एक सांगत नाहीत, की सगळ्या घरांच्या भाकरी या टोपलीत येत नसत आणि सगळी माणसे एका ओळीत बसत नसत. पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले होते. गावच्या पंगतीत तो बदल उतरायला त्याहून बराच अधिक काळ लागला, आणि तो सगळीकडे पूर्णपणे उतरला असे आजही म्हणवत नाही.

1972 च्या दुष्काळाने हा जुना बेत मोडला. घरात पाच भाकरींचे पीठ नाही, खडी फोडायला नवरा-बायको दोघेही कामावर, आणि शाळेत सुकडी. त्या वर्षी कित्येक गावांनी सप्ताह बंद ठेवला किंवा नुसती वीणा उभी केली. त्यानंतर भाकरीऐवजी धान्य आणि धान्याऐवजी पैसा घेण्याची रीत बळावली, याचे कारण दुष्काळ एकटाच नव्हता. कामावर रोख मजुरी मिळू लागली होती, रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, आणि जुन्नर-पारनेरच्या बाजूची तरुण मुले मुंबईला बाजारात माथाडी कामाला किंवा गिरणीत लागून घरी मनीऑर्डरी पाठवू लागली होती. ध्वनिक्षेपक भाड्याने आला, जनरेटर आला, कीर्तनकाराच्या बिदागीचा आकडा आधी विचारून घेण्याची वेळ आली. खर्च रोखीचा झाला की वसुलीही रोखीची होते, आणि वसुली रोखीची झाली की ती कोणत्या मापाने करायची हे लेखी ठरवावे लागते.

मापे तीन होती. पहिले एकरी : ज्याची जमीन जास्त, त्याची वर्गणी जास्त. दुसरे ऐच्छिक : ज्याला जेवढे वाटेल तेवढे. तिसरे उंबऱ्यामागे सारखी रक्कम. बहुतेक गावांनी तिसरे माप उचलले आणि तेव्हा ते सर्वांत न्यायाचे म्हणून मांडले गेले. देवापुढे गरीब-श्रीमंत नाही, सगळ्यांची वर्गणी सारखी, मग कोणी कोणाला बोलायचे नाही, असा तो युक्तिवाद होता. यात चलाखी होती हे नमूद केले पाहिजे. एकरी माप लागले असते तर बैठकीत पुढे बसणाऱ्यांच्याच खिशाला झळ बसली असती. सारखी वर्गणी लागल्याने वीस एकर बागायत असणारा आणि मजुरीवर जगणारा वहीत एका ओळीत आले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ऐच्छिक वर्गणी देणाऱ्याला मिळते ती मोठेपणाची जागा सारख्या वर्गणीत कोणाला मिळत नव्हती, आणि पाचशे रुपये देणारा पन्नासवाल्याला दटावू शकत नव्हता. हा दुसरा गुण लहान नाही. पुढे काय झाले ते पाहिले तर तो फारच मोठा वाटू लागतो.

पण उंबरा म्हणजे काय? दाराच्या चौकटीचे खालचे लाकूड मोजायला सोपे असते. त्याच्या आतला संसार सोपा नसतो. तीन भाऊ एका वाड्यात राहतात, चुली तीन आहेत, दार एक आहे : उंबरा एक की तीन? भावांनी एक म्हणावे, वर्गणी मागणाऱ्यांनी तीन म्हणावे, हे ठरलेलेच. मग कोणीतरी शिधापत्रिकेचा दाखला काढला, आणि ज्याची शिधापत्रिका वेगळी त्याचा उंबरा वेगळा असा ठराव अनेक ठिकाणी झाला. त्याचा परिणाम गमतीचा होता. रॉकेल आणि साखर जास्त मिळावी म्हणून एकत्र राहूनही पत्रिका वेगळ्या काढलेली कुटुंबे आता दुप्पट-तिप्पट वर्गणी भरू लागली, आणि ज्यांनी खरोखर वाटण्या केल्या होत्या पण तहसील कचेरीत खेटे घातले नव्हते, ते एका वर्गणीत सुटले. दुसरा घोळ विधवेच्या उंबऱ्याचा. काही गावांनी एकट्या बाईला वर्गणी माफ केली. त्यावर काही बायकांनीच हरकत घेतली, कारण वर्गणी माफ झाली की यादीत नाव राहत नाही, आणि नाव नसले की पहाऱ्याचे, पंगतीचे, बैठकीचे बोलावणेही येत नाही.

तिसरा घोळ ऊसतोडीचा. बीडच्या आणि पाथर्डीच्या बाजूला दसरा-दिवाळीनंतर निम्मे गाव कारखान्यांच्या फडावर जाते. त्यांचा उंबरा बंद असतो, कुलूप लावलेले असते, पण ते गावचेच असतात. त्यांच्यासाठी सप्ताहाची तिथी पट्टा पडल्यानंतर, म्हणजे कारखाने बंद झाल्यावर, पाडव्याच्या पुढे ढकलणारी गावे आहेत. तिथीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी यावर नाके मुरडली. तिथी पुढे नेण्याचा निर्णयच योग्य होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निम्मे गाव नसताना होणाऱ्या सप्ताहात पहारे कोण लावणार, याचे उत्तर आग्रह धरणाऱ्यांनी कधी दिले नाही.

चौथी गोष्ट घोळ नव्हे, मौन होते. 14 ऑक्टोबर 1956 नंतर ज्या वस्तीने हिंदू धर्म सोडला, तिचे उंबरे सप्ताहाच्या वहीत येत नाहीत. गावातील जाणती माणसे याला सामंजस्य म्हणतात : त्यांचा देव वेगळा, आपण मागू नये, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी त्यांनी आपल्याला मागू नये. वस्तीतील म्हातारी माणसे वेगळे सांगतात. धर्मांतराच्या आधीही त्यांच्या घरची भाकरी टोपलीत घेतली जात नव्हती. त्यांच्याकडून लाकूडफाटा आणि वाजंत्री घेतली जाई, आणि ती वर्गणी म्हणून वहीत कधी लिहिली गेली नाही. अलीकडे काही गावांत दोन्ही उत्सवांच्या वर्गण्या सगळ्या गावाकडून घेतल्या जातात.

उंबऱ्याच्या मापाला खरा धक्का 1990 नंतर बसला, आणि तो भांडणातून नव्हे, उदारपणातून बसला. भाज्यांचा, दुधाचा आणि पुढे जमिनीचा पैसा आला, चाकण-रांजणगावकडे कारखाने उभे राहिले, आमदार निधीतून देवळापुढे सभामंडप आले, आणि एकेका दिवसाची पंगत एकेका घराने घ्यायची प्रथा सुरू झाली. सोमवारची पंगत अमक्याची, मंगळवारची तमक्याची. सप्ताहाच्या निमंत्रणपत्रिकेवर अन्नदात्यांची नावे छापली जाऊ लागली आणि फ्लेक्स आल्यावर त्यांची छायाचित्रेही लागली. (नावाचा ठसा किती मोठा, यावरून पत्रिका पुन्हा छापून घेतल्याची उदाहरणे आहेत.) आमटी-भाकरीच्या जागी बुंदी, पुरी, मसालेभात आला, आचारी आले, आणि बायकांचा भाकरी भाजण्याचा भार हलका झाला. शे-दोनशे भाकरींसाठी चुलीपुढे बसणे ज्यांच्या वाट्याला येत होते त्यांना विचारले तर आचारी आले हे बरेच झाले. परंतु पंगत एका घराची झाली, की इतर घरे तिथे पाहुणी होतात. ज्याला पंगत घेता येत नाही तो सात दिवस दुसऱ्याचे जेवतो, आणि हे त्याला कळते. काही गावांनी यावर उपाय म्हणून दोन दिवस मुद्दाम गावपंगतीचे ठेवले आहेत आणि त्या दिवशी आमटी-भाकरीच करतात. भाकरी पुन्हा घरोघरून येते.

कीर्तनाच्या वेळेवरही कायदा आला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, आणि वर्षातील मोजक्या दिवसांची सवलत शहरांतल्या उत्सवांसाठी खर्ची पडते. त्यामुळे नऊचे कीर्तन सातवर आले आणि धारा काढून, डेअरीला दूध घालून येणारा माणूस पहिल्या अभंगाला चुकू लागला. पुढे 2020 साली पाडवा आणि देशभरातील टाळेबंदीचा पहिला दिवस एकच आला : 25 मार्च. पत्रिका वाटून झाल्या होत्या, बिदागीचे विसार दिले होते. कित्येक ठिकाणी परंपरा खंडित होऊ नये म्हणून चार-पाच माणसांनी अंतर ठेवून आळीपाळीने वीणा धरली, आणि सत्तर वर्षांपूर्वीची पहाऱ्याची यादी पुन्हा कामाला आली.

त्यानंतरच्या बैठकांत उंबऱ्याचा वाद नव्या रूपाने उभा आहे. गावातील वाड्यात म्हातारा-म्हातारी, तिन्ही मुले भोसरीला, चाकणला आणि नवी मुंबईला स्वतःच्या सदनिकांत. वर्गणीची रक्कम फोनवरून येते, माणूस काल्याच्या दिवशी चार तासांसाठी येतो. त्याचा उंबरा गावात धरायचा, तर पहारा त्याच्या नावाने कोणी द्यायचा? काही गावांनी बाहेरगावच्या उंबऱ्याला दीडपट वर्गणी लावून पहारा माफ केला आहे, काहींनी हे पैशाने नेम विकत घेणे आहे म्हणून धुडकावले आहे. काही ठिकाणी गावच्या सासरी गेलेल्या लेकी एकत्र येऊन एका दिवसाची पंगत घेऊ लागल्या आहेत. त्यांचा उंबरा माहेरच्या वहीत कोणत्याच मापाने बसत नाही, तेव्हा त्यांची रक्कम ‘इतर जमा’ या सदराखाली लिहिली जाते आणि काल्याच्या आदल्या रात्री जमाखर्च वाचताना शेवटी सांगितली जाते. ती उंबऱ्यांच्या यादीतच घ्यावी, अशी सूचना गेल्या एक-दोन वर्षांत काही बैठकांत आली आहे; त्यावर निर्णय पुढच्या पाडव्यापर्यंत लांबवला गेला आहे.