क्रीमी ब्लाँड केशरंगाची निवड

क्रीमी ब्लाँड ही फिकट सोनेरी केशरंगाची एक मऊ छटा आहे. तिच्यात सोन्याचा तांबूसपणा ठळक नसतो आणि राखेचा निळसर थंडपणाही नसतो. दुधावरच्या सायीत जेवढी पिवळी झाक असते, तेवढीच तिच्यात राहिलेली असते. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, लोकांचे केस बहुतेक काळे किंवा गडद तपकिरी असतात. त्यामुळे येथे ही छटा निवडायची म्हणजे तक्त्यातल्या एका रंगावर बोट ठेवून भागत नाही. काळ्या केसांतले मूळ रंगद्रव्य किती काढायचे, किती ठेवायचे आणि डोक्याच्या कोणत्या भागात ते मुळीच काढायचे नाही, हे आधी ठरवावे लागते.

मराठीत अशा केसांना ‘भुरे’ म्हणतात, पण तो शब्द सैल आहे. उन्हाने करपलेले, तेलाविना रुक्ष झालेले केसही भुरेच म्हटले जातात. (लहान मुलाचे केस विरळ आणि तांबूस होऊ लागले, तर ते कुपोषणाचे लक्षण असू शकते, तेथे रंगाचा विचार नव्हे, दवाखाना गाठणे आवश्यक असते.) ‘कलप’ हा शब्द पांढरे केस काळे करण्यापुरता रूढ आहे, म्हणून पार्लरमध्ये ‘ब्लाँड’, ‘हायलाइट’, ‘ग्लोबल’, ‘टोनर’ हेच शब्द ऐकू येतात. संपूर्ण डोक्याला एकच रंग लावणे म्हणजे ग्लोबल आणि निवडक बटा उजळणे म्हणजे हायलाइट. केस उजळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी १८१८ मध्ये तयार केले आणि केसांसाठीचा त्याचा उपयोग १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांसमोर आला.

केसाचा रंग त्याच्या मधल्या थरातील मेलॅनिनमुळे असतो. काळे-तपकिरी यूमेलॅनिन आणि पिवळे-तांबडे फिओमेलॅनिन असे त्याचे दोन प्रकार आहेत. ब्लीचची पूड डेव्हलपरमध्ये, म्हणजे पेरॉक्साइडच्या द्रावणात, कालवून लावली की काळे द्रव्य आधी तुटते आणि तांबडे-पिवळे चिवटपणे मागे राहते. म्हणूनच काळे केस थेट फिकट सोनेरी होत नाहीत. ते वीटकरी, तांबूस-नारिंगी, नारिंगी, गर्द पिवळा आणि मग फिका पिवळा अशा पायऱ्यांनीच उजळतात. व्यवसायात केसांचा उजळपणा १ ते १० अशा पातळ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अतिशय फिका सोनेरी. आपल्याकडचे केस साधारण १ ते ३ या पातळ्यांवर असतात, तर क्रीमी ब्लाँड ९ किंवा १० वर बसते. एवढे अंतर एका बैठकीत कापण्याचा हट्ट धरला, की केस हातात तुटून येतात.

दहाव्या पातळीची ओळख जगभरचे केशरंगकार एका उपमेने शिकवतात : पिकलेल्या केळीच्या सालीची आतली बाजू. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातील वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी येथे घराघरांत आहे. मात्र उपमेतली साल पिकलेल्या केळीचीच घ्यावी, कारण कच्च्या केळीची साल आतून पांढुरकी असते आणि तितके पांढरे होईपर्यंत ब्लीच ठेवले तर केसात जीव उरत नाही. सालीचा तो मऊ, पिवळट साईसारखा रंग दिसला की थांबावे. क्रीमी छटेचा मऊपणा याच थोड्याशा उरलेल्या पिवळेपणात असतो. तो पूर्ण घालवल्यास केस चांदीसारखे किंवा खडूसारखे दिसतात आणि ती मग दुसरीच छटा होते.

हे थांबणे जमावे म्हणून आधी एका बटेवर चाचणी घेतात. कानामागच्या दाट भागातून पेन्सिलीएवढी बट घेऊन तिच्यावर ब्लीच लावतात, ती फॉइलमध्ये गुंडाळतात आणि दर दहा मिनिटांनी फॉइल उघडून, कापसाच्या बोळ्याने टोकाचे ब्लीच पुसून आतला रंग पाहतात. वीटकरीवर अडकलेली बट बराच वेळ तशीच राहते आणि मग नारिंगीतून पिवळ्याकडे तुलनेने लवकर सरकते. घाई करणाऱ्याची चूक नेमकी तेथे होते. बट धुतल्यावर ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. तो थोडा लांबून पुन्हा पूर्ववत झाला, तर पुढे जाण्यास हरकत नाही. भिजलेल्या रबरासारखा ताणला जाऊन तसाच राहिला, तर काम तेथेच थांबवावे, मग रंग कोणत्याही पायरीवर असो. बटेचा रंग दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण पांढऱ्या एलईडीखाली हीच बट राखेरी आणि पिवळ्या दिव्याखाली सोनेरी भासते.

उजळलेल्या केसांवर टोनर लावून छटा बसवतात. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात, या तत्त्वाने जांभळा रंग पिवळ्याला आणि निळा रंग नारिंगीला दाबतो. क्रीमी छटेसाठी जांभळ्याचा अंश अगदी थोडा, सोबत बेज (वाळूसारखी फिकी तपकिरी) किंवा मोतिया झाक, असे मिश्रण घेतात. रंगाच्या खोक्यावरील क्रमांकात बिंदूआधीचा अंक उजळपणाची पातळी आणि नंतरचे अंक छटा दाखवतात. अनेक कंपन्यांच्या पद्धतीत १ म्हणजे राखेरी आणि ३ म्हणजे सोनेरी, त्यामुळे ९.१३ ही बेजकडे झुकणारी छटा ठरते. पण हे अंक सगळीकडे सारखे नसतात, म्हणून ज्या कंपनीचा रंग वापरायचा, तिचाच तक्ता पाहावा. टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो आणि पुन्हा लावावा लागतो.

निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न मात्र चेहऱ्याचा आहे. गव्हाळ आणि सावळ्या कांतीवर राखेरी ब्लाँड चेहरा निस्तेज करतो, असा अनुभव वारंवार येतो. तेथे बेजमध्ये किंचित मधाची ऊब असलेली छटा अधिक शोभते आणि दहाव्या पातळीपेक्षा आठव्या-नवव्या पातळीवर थांबलेला रंग अधिक खरा वाटतो. मनगटावरच्या शिरांचा रंग पाहून छटा ठरवण्याची पद्धत सांगितली जाते, पण सावळ्या कांतीत शिरा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा जळगावसारख्या सुवर्णनगरीत सहज जमणारी रीत बरी : सोन्याचा आणि चांदीचा दागिना आळीपाळीने गळ्याशी धरावा, आणि ज्याने चेहरा खुलतो त्या बाजूला छटा झुकवावी. दुसरी गोष्ट भुवयांची. त्या काळ्याभोर असताना केस मुळापासून टोकापर्यंत सायीच्या रंगाचे केले, तर टोप घातल्यासारखे दिसते. म्हणून मुळाशी दोन-तीन बोटे केस गडदच ठेवून, मध्ये तपकिरी आणि टोकांकडे क्रीमी असा उतरता रंग करणे हाच नैसर्गिक दिसण्याचा खरा मार्ग आहे. मक्याच्या कणसाचे केस सोलून पाहिले तर हाच रंगक्रम उलट मांडलेला दिसतो : पानांत झाकलेला भाग फिका, रेशमी आणि उघड्यावर आलेली टोके तपकिरी. दोन्हींमध्ये कोठेही रेघ नसते, आणि केसांतही ती दिसता कामा नये.

खानदेशात निवडीपूर्वी मेंदीची चौकशी अनिवार्य आहे. शुद्ध मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते आणि ब्लीचनंतरही नारिंगीपणा सोडत नाही. असे केस क्रीमी होण्याची आशा धरू नये, मेंदीचा भाग कापून जाईपर्यंत वाट पाहावी. काही मिश्र मेंदी-पुडींत धातूंचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडशी संयोग पावून तापतात आणि केस जाळतात. शंका असल्यास चाचणीची बट कापून, वाटीत ठेवूनच ब्लीच लावावे. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रंगद्रव्य असते. त्याने कधी खाज, सूज किंवा फोड आले असतील, तर कोणताही केशरंग लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. इतरांनीही ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट करावी, म्हणजे थोडा रंग त्वचेवर लावून त्रास होतो का ते पाहावे.

हवामानाचाही हिशेब करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि याच दिवसांत आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नसराई येते. कडक उन्हाने टोनर लवकर उडतो आणि खालचा पिवळा वर येतो. दुचाकीवर बांधला जाणारा सुती स्कार्फ केसांनाही तितकाच उपयोगी पडतो. बोअरचे जड पाणी असेल, तर त्यातील क्षारांनी केस रुक्ष आणि लोखंड-तांब्याच्या अंशाने रंग मळकट होतो, म्हणून शेवटचे पाणी तरी जारचे घ्यावे. हळदीकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो आणि हळद लोकरीसारखीच त्यालाही रंगवते; हळदीच्या दिवशी केस तेल लावून, बांधून, कापडाखाली झाकलेले नसतील, तर क्रीमी बटा लग्नाच्या फोटोंत हळदुल्या दिसतात. नवरीने किंवा करवलीने उजळण्याचे मुख्य काम थंडीतच दोन-तीन बैठकांत उरकावे आणि टोनर हळदीनंतर लावावा.

डेव्हलपरची तीव्रता व्हॉल्यूममध्ये मोजतात : २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. टाळूजवळ ४० वापरू नये. कमी तीव्रतेने सावकाश उजळलेला केस अधिक काळ टिकतो. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरतो, रोज लावल्यास केसांवर करडी छाया चढते. नारळाचे तेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, त्यामुळे घरातली तेल लावण्याची सवय सोडण्याचे कारण नाही.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मूळ गडद ठेवलेल्या पद्धतीत तीन-चार महिने पार्लरला गेले नाही तरी चालते. पुन्हा काळ्या रंगाकडे वळायचे झाल्यास मात्र थेट काळा किंवा तपकिरी रंग ओतू नये. ब्लीचने काढलेला तांबडा-सोनेरी थर आधी भरून घ्यावा लागतो. तो न भरता लावलेला तपकिरी रंग हिरवट, मातकट दिसतो आणि काही धुण्यांतच उतरतो.