तारेच्या एका शब्दाचे किती वाटेकरी?

मुंबई लंडनपासून लांब, म्हणून तिथली तार महाग होती, हा समज अजून पक्का आहे. अंतराचा परिणाम होतो, पण वेगळ्या वाटेने. समुद्रतळावरची केबल एकदा टाकली की एक शब्द पाठवायला लागणारी वीज नगण्य असते. खर्च असतो केबलच्या भांडवलाचा, दुरुस्तीच्या जहाजाचा आणि ठाण्यांवरच्या माणसांचा. लांब केबल विद्युतभार साठवून धरते, त्यामुळे संदेशाचे विजेचे ठोके एकमेकांत मिसळतात आणि मिनिटाला मोजकेच शब्द जातात. विकायचा माल हाच: केबलवरची मिनिटं. त्यांचा भाव ठरे वाटाघाटीत.

मे १८६५ मध्ये पॅरिसला २० युरोपीय देशांनी करार करून आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन केला. १८६८ च्या व्हिएन्ना परिषदेत ब्रिटिश हिंदुस्थानही त्यात आला. संघाने दराची फोड करून दिली. जिथून तार निघते आणि जिथे पोचते, त्या दोन देशांचं अंत्य शुल्क. मधून जाऊ देणाऱ्या प्रत्येक देशाचं पारगमन शुल्क. आणि वाटेत समुद्र असेल तर केबल कंपनीचा वाटा. या साऱ्यांची बेरीज म्हणजे गिऱ्हाईकाने भरायचा दर. हिशेबाचं नाणं सोन्याचा फ्रँक. पौंडाला साधारण २५.२ फ्रँक पडत.

पण पैसे तर फक्त पहिल्या कचेरीत जमा होतात. मग ते सगळ्यांपर्यंत पोचायचे कसे? याचा नियम फार सुरेख होता: प्रत्येक देशाने फक्त आपल्या शेजाऱ्याशी हिशेब ठेवायचा, आणि त्या सरहद्दीपासून मुक्कामापर्यंतची सगळी रक्कम शेजाऱ्याच्या नावावर जमा करायची. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पॅरिसहून बुखारेस्टला तार गेली. दर शब्दाला फ्रान्सचे १० सांतिम (सांतिम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), स्वित्झर्लंडचे ३, ऑस्ट्रिया-हंगेरीचे ८, रुमानियाचे ७, एकूण २८. फ्रान्स २८ घेतो, १० ठेवतो, १८ स्वित्झर्लंडला जमा करतो. स्वित्झर्लंड ३ ठेवून १५ पुढे सरकवतो, ऑस्ट्रिया ८ ठेवून ७ देतो. फ्रान्सला रुमानियाशी पत्रव्यवहारसुद्धा करावा लागत नाही. उलट दिशेच्या तारांची रक्कम वजा होते आणि प्रत्यक्षात फक्त बाकी चुकती करावी लागते. केबल कंपनी या साखळीत एखाद्या देशासारखीच बसते.

साखळी अडखळायची ती शब्द मोजताना. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग परिषदेनंतर युरोपात १५ अक्षरांपर्यंत एक शब्द, युरोपबाहेर १०. एक अक्षर वाढलं की दोन शब्दांचे पैसे. साहजिकच व्यापारी शब्द जोडून लिहीत, नाहीतर अख्खं वाक्य एका सांकेतिक शब्दात बसवत. पुढच्या कचेरीने निराळी मोजणी केली तर सगळ्यांचेच हिशेब बिघडतील, म्हणून निघाल्या ठिकाणची मोजणी अंतिम धरली जाई.

(तार आली की उघडण्याआधीच घरात रडारड व्हायची, ही आठवण जुन्या पिढीत आहे. त्यात अपशकुन कसला? शब्दागणिक पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस निकड असल्याशिवाय तार करीत नसे, आणि निकड बहुधा आजारपणाची किंवा मृत्यूची असे.)

कंपन्यांना परिषदेत बसता येई, बोलता येई, पण मत फक्त सरकारांना. तरी केबल त्यांची असल्याने त्यांच्या संमतीवाचून दर हलत नसे. इंग्लंड-हिंदुस्थानचंच पाहा. १८६५ साली इराणी आखातातल्या सरकारी केबलने जोडणी झाली, तेव्हा २० शब्दांना ५ पौंड पडत. १८७० मध्ये दोन प्रतिस्पर्धी आले: जर्मनी-रशिया-इराणवरून जाणारी इंडो-युरोपियन कंपनीची जमिनीवरची तार, आणि सुएझ-एडन-मुंबई ही समुद्राखालची केबल. एकाने दर पाडला की दुसऱ्याच्या तारा रिकाम्या. १८७८ मध्ये सरकारी खातं आणि दोन्ही कंपन्यांनी या वाहतुकीचं उत्पन्न एकाच थैलीत टाकून ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचं ठरवलं. फायदा असा, की एका मार्गावर केबल तुटली आणि तारा दुसरीकडून वळवल्या, तरी तुटलेल्याचा वाटा बुडत नाही. तोटा गिऱ्हाईकाचा: दर उतरवायची घाई कुणालाच उरत नाही.

मग दर उतरवायचा कसा? ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी हमीची वाट धरली. लंडन-ऑस्ट्रेलिया दर शब्दाला ९ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे ११२ पेन्स होता. १८९१ मध्ये तो ४ शिलिंगवर, ४८ पेन्सवर आणला आणि केबल कंपनीच्या घटलेल्या उत्पन्नाचा निम्मा भार वसाहतींनी उचलला. गणित सोपं आहे: ११२ भागिले ४८, म्हणजे जुनं उत्पन्न टिकवायला शब्द २.३ पट व्हायला हवे होते. पहिल्या वर्षी ते जेमतेम दीडपट झाले. भरपाईचा बोजा वाढला आणि १८९३ मध्ये दर ४ शिलिंग ९ पेन्सवर चढवावा लागला. स्वस्त केलं की गिऱ्हाईक आपोआप लोटतं, हे दरवेळी खरं नसतं. १९०२ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सरकारांनी पॅसिफिकमधून स्वतःची केबल टाकली, तेव्हा कुठे दर ३ शिलिंगवर आला.