तळणीचे तेल आणि डिझेलचे इंजिन

जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात शेंगदाण्याचे गोडे तेल ओतले तरी ते सुरू होते, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांची दिशाभूल करते. या इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा दाबाखाली इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते, आणि वनस्पती तेलही तेथे पेटतेच. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रान्समधील ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते. ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आले, असे रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे सांगितले. (डिझेल यांनी आपले इंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच घडवले, ही सर्रास ऐकू येणारी गोष्ट मात्र खरी नाही. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असल्याने फ्रेंच सरकारला त्या तेलात रस होता आणि प्रयोग त्यातून झाला.)

अडचण तेल पेटण्याची नाही, त्याच्या फवाऱ्याची आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ सेंटीस्टोक असतो. त्याच तापमानाला आपल्या नेहमीच्या खाद्यतेलांचा दाटपणा ३० ते ४० सेंटीस्टोक भरतो. डिझेलसाठी बेतलेल्या इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून असे तेल धुक्यासारखे न निघता जाड थेंबांच्या रूपात निघते. हे थेंब पुरते जळत नाहीत. त्यांचे पुढे काय होते हे पाहायला इंजिन उघडायची गरज नाही. रोजच्या वापरातील कढईच्या बाहेरच्या कडेला जो तपकिरी, चिवट, घासूनही न निघणारा थर बसलेला असतो, तो तेलाचे रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जाऊन तयार झालेला असतो. तसाच थर इंजेक्टरच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत साचतो, रिंगा अडकतात, आणि त्यांच्या कडेने खाली झिरपलेले तेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून त्यालाही घट्ट करू लागते. हवेत आपोआप वाळते म्हणून जवसाचे तेल रंगांत वापरतात. इंजिनाला ते सर्वांत घातक असण्याचे कारणही तेच. हे सारे शंभर-दोनशे तासांच्या चालण्यात हळूहळू घडते, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या यशस्वी फेरफटक्याला माझ्या मते पुरावा म्हणून काहीही किंमत नाही.

यावर एक उपाय गाडी बदलण्याचा आहे. त्यात दुसरी टाकी बसवतात, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवतात, गाडी सुरू करताना आणि बंद करण्याआधी काही मिनिटे ती साध्या डिझेलवर चालवतात. दुसरा उपाय तेलच बदलण्याचा आहे आणि तो अधिक मुळाशी जातो. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने या साखळ्या कण्यापासून सोडवल्या की प्रत्येक साखळी मिथेनॉलशी जोडली जाऊन मेथिल एस्टर बनते. सुमारे ८८५ रेणुभाराच्या एका रेणूचे ३०० च्या आसपासचे तीन रेणू होतात आणि दाटपणा ४ ते ५ सेंटीस्टोकपर्यंत उतरतो. यालाच बायोडिझेल म्हणतात. एक लिटर तेलाला साधारण २०० मिलिलिटर मिथेनॉल लागते. मिश्रण ५५ अंशांच्या आसपास तासभर ढवळून रात्रभर ठेवले की गडद तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसते.

ताज्या तेलाला लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. पण घरगुती बायोडिझेल ताज्या तेलाचे करणे परवडत नाही. ते होते वडे-भजी तळून काळपटलेल्या तेलाचे, आणि अशा तेलात मेदाम्लांच्या काही साखळ्या आधीच सुट्या झालेल्या असतात. त्या सोड्याशी संयोग पावून साबण तयार करतात आणि मुख्य क्रियेला सोडा कमी पडतो. म्हणून प्रत्येक घाण्याला आधी तेलाची परीक्षा घ्यावी लागते. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम सोडा विरघळवून ते द्रावण, अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या एक मिलिलिटर तेलात थेंबाथेंबाने सोडतात. त्यात चिमूटभर हळद टाकलेली असेल तर आम्लता संपताक्षणी पिवळा रंग तांबडा होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ती किमया हीच. येथे जितके मिलिलिटर द्रावण खर्ची पडले, तितके ग्रॅम सोडा दर लिटरमागे जास्त घालायचा. हा अंदाज हुकला किंवा तेलात पाणी राहिले, तर भांड्यात इंधनाऐवजी साबणाचा लगदा मिळतो.

वरचा थर नंतर पाण्याने धुऊन वाळवावा लागतो. क्रिया पूर्ण झाली का, हे पाहण्याची सोपी रीत अशी की ३ मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवावे. एस्टर पूर्ण विरघळतो, न बदललेले तेल तळाशी थेंब होऊन बसते. मात्र मिथेनॉल हा खेळ नव्हे. ते त्वचेतूनही शरीरात जाते, डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते, ६५ अंशांना उकळते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे घरातील गॅसच्या शेगडीवर हा उद्योग कोणी करू नये. धुण्यात कसूर झाली आणि मिथेनॉल मागे राहिले, तर एरवी १०० अंशांच्या वर पेटणारे हे इंधन तसे सुरक्षित राहत नाही.

आपल्याकडे उपाहारगृहांतील बरेचसे तेल पामचे असते, आणि पामचे बायोडिझेल साधारण १५ अंशांच्या आसपास धूसर होऊ लागते. थंडीत खोबरेल गोठते तसाच हा प्रकार असल्याने निफाडकडच्या हिवाळ्यात, पारा १० अंशांच्या खाली गेलेल्या सकाळी, गाडीचा फिल्टर तुंबू शकतो. जुन्या गाड्यांत आणखी एक उपद्रव असतो: बायोडिझेल चांगले द्रावक असल्याने टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो आणि नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगतात.

शेतावरचे मंद गतीचे ऑइल इंजिन एवढे सोसते. बीएस-६ या नव्या प्रदूषण-मानकाची गाडी सोसत नाही, आणि त्याचे कारण केवळ तिच्या इंजेक्टरची नाजूक छिद्रे एवढेच नाही. तिच्या धुरातील काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी अनेक इंजिनांत थोडे इंधन मुद्दाम उशिरा फवारले जाते आणि त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते. डिझेल असेल तर ते इंजिनाच्या उष्णतेने बरेचसे उडून जाते. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू चढा असल्याने ते तेथेच राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर डिपस्टिक काढून पाहिली तर इंजिन ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते.